केकमधले पाणी

फ्रेंच धाटणीच्या पॅटिसरीत काचेच्या कपाटासमोर उभा असलेला माणूस मनात बहुधा तीन गोष्टी तोलत असतो: गोड किती असेल, लोणी किती असेल, आणि एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे का. पाण्याचा विचार त्याला सुचत नाही. सुचावा कसा? समोर दिसतात चकचकीत थर, फुगलेली कवचे, रंगीत मॅकरॉनच्या रांगा. पाणी कुठेच दिसत नाही. पण त्या कपाटातला प्रत्येक पदार्थ म्हणजे पाण्याशी केलेला एक करार असतो, आणि यांतले बहुतेक करार अगदी थोड्या मुदतीचे असतात. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की या पदार्थांची चव साखरेवर आणि लोण्यावर ठरते त्याहून जास्त पाणी कुठे आहे, कुठे नाही आणि कोणत्या वेगाने सरकते आहे यावर ठरते. ते चाखताना जिभेइतकेच घड्याळही लागते.

आधी कच्चा माल पाहू. मैदा, लोणी, साखर, अंडी आणि दूध या पाच जिनसांतून पॅटिसरीचा निम्म्याहून अधिक संसार उभा राहतो. टार्टची खुसखुशीत वाटी, पफ पेस्ट्रीचे पापुद्रे, एक्लेअरचे पोकळ कवच, स्पंज आणि आतले कस्टर्ड हे सगळे याच पाचांचे. प्रमाणे बदलतात हे खरे, पण खरा फरक पाण्याला दिलेल्या वागणुकीत आहे. टार्टच्या पिठात लोणी आधी मैद्याला चोळतात, म्हणजे मैद्याला पाणी कमी भेटते, चिवटपणा येत नाही आणि वाटी दाताखाली भुगा होते. एक्लेअरसाठी मैदा पाणी-लोण्याच्या उकळत्या मिश्रणात टाकून घोटतात. पिठूळ दाणे पाणी पिऊन फुगतात, मग अंडी घालून तो घट्टसर गोळा ओव्हनमध्ये जातो. तिथे त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. बेकिंग पावडरचा कणही न घालता एक्लेअर पोकळ होतो तो या जोरावर. पफ पेस्ट्रीत पिठाच्या घडीत लोण्याचा पत्रा मिटून तो सहा वेळा लाटतात आणि दर वेळी तिहेरी घडी घालतात. तीनचा सहावा घात म्हणजे ७२९. लोण्याचे एवढे थर एका बोटभर जाडीत बसतात. चिरोट्यात साट्यातले तूप जे काम करते तेच इथे लोणी करते, थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. फरक असा की तुपात पाणी जवळजवळ नसते, आणि फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असा दंडक आहे. पिठातल्या वाफेला लोण्यातल्या वाफेची साथ मिळते आणि पापुद्रे सुटे होऊन वर चढतात.

ओव्हनमधून बाहेर आलेला पापुद्रा अगदी कोरडा असतो. कस्टर्ड मात्र मुख्यतः दूधच, म्हणजे बव्हंशी पाणी. मिल-फय नावाच्या पदार्थात हे दोघे एकावर एक ठेवलेले असतात, आणि ठेवल्या क्षणापासून पाणी कस्टर्डमधून पापुद्र्याकडे निघते. पाणी नेहमी जिथे ते मोकळे आहे तिथून जिथे ते बांधलेले किंवा नसल्यातच जमा आहे तिकडे सरकते. हे सरकणे थांबवता येत नाही, लांबवता येते. म्हणून मिल-फयच्या पापुद्र्यांवर भाजतानाच पिठीसाखर भुरभुरवून तिचे कॅरॅमल करतात. शोभेबरोबरच तो पाणी अडवणारा पातळ बांध असतो. टार्टच्या वाटीला आतून वितळलेल्या कोको बटरचा किंवा चॉकलेटचा हात फिरवतात तोही याच हेतूने. वरच्या फळांवर जर्दाळूचा चकाकता लेप देतात, तिथे हेतू उलटा असतो: फळातले पाणी हवेत जाऊ नये. एवढे करूनही मिल-फयला काही तासच मिळतात. पॅरिसमध्ये रु द त्युरेनवर झाक जेनँ यांच्या दुकानात मिल-फय मागणी आल्यावरच रचून देण्याची पद्धत गाजली, तिच्यामागे नाटकीपणापेक्षा हा हिशेब होता. सकाळी रचलेले मिल-फय संध्याकाळी खाऊन ते आवडले नाही असे म्हणणारा ग्राहक मिल-फयवर अन्याय करत असतो. त्याने सादळलेला पापुद्रा खाल्लेला असतो.

मॅकरॉनची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने जाते, आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्रातला तो सर्वांत देखणा दाखला आहे. बदाम, साखर आणि अंड्याचे पांढरे यांची बिस्किटे फ्रान्समध्ये जुनी आहेत. नान्सी शहरात क्रांतीच्या काळापासून प्रसिद्ध असलेले मॅकरॉन एकेरी, वरून तडकलेले, रंगाविना असतात. पॅरिसमधल्या रु रोयालवर १८६२ मध्ये सुरू झालेल्या लादुरे या घराण्याचा दावा असा की विसाव्या शतकात त्यांच्याच पियेर देफोंतेन यांनी दोन कवचांमध्ये गनाश, म्हणजे मलई आणि चॉकलेटचे घट्ट मिश्रण, भरून आजचा जोड-मॅकरॉन घडवला. दावा कुणाचा का असेना, कवच जोडल्यावर पदार्थाचा स्वभावच बदलला. एकेरी मॅकरॉन हे बिस्किट होते. दोन कोरड्या कवचांमध्ये ओलसर भरण आले आणि पाण्याला वाट मिळाली.

कवच बनवताना मात्र सगळा खटाटोप पाणी घालवण्याचा असतो. अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते आणि उरलेले प्रथिन. ते फेटून त्यात ११८ अंशांपर्यंत चढवलेला गोळीबंद पाक धार धरून ओततात. प्रथिनांचे जाळे आवळते, हवा अडकते आणि तयार होते ते इटालियन मेरांग. त्यात बदामपूड आणि पिठीसाखर घालून मिश्रण मुद्दाम थोडे दाबत कालवतात, कारण फेस जास्त राहिला तर कवच फुगून तडकते, आणि कालवणे जास्त झाले तर मिश्रण पसरते. मग पत्र्यावर गोल ठिपके सोडायचे आणि ते तसेच उघडे ठेवायचे. बोट लावले तर चिकटणार नाही इतकी पातळ साय वर धरली की पत्रा ओव्हनमध्ये. आत वाफ तयार होते, पण वरची साय तिला अडवते. वाफेला एकच वाट उरते, खालच्या कडेची. ती कवचाला सरळ वर उचलते आणि कडेने फुटते. मॅकरॉनच्या तळाशी दिसणारी ती जाळीदार झालर म्हणजे वाफ निसटल्याची खूण. झालर एकसारखी असेल तर कारागिराने पाण्याला नेमके हवे तिथून बाहेर काढले असे समजावे. ती एका बाजूला कललेली, किंवा मुळीच नसलेली दिसली, तर चव घेण्याआधीच बरेच कळलेले असते.

ओव्हनमधून निघालेले कवच लगेच खाल्ले तर ते ठिसूळ आणि कोरडे गोड लागते. चांगले, पण विशेष नाही. नामांकित पेस्ट्री-कारागीर पियेर एर्मे यांच्या पाककृतींत भरलेले मॅकरॉन २४ तास शीतकपाटात ठेवायला आणि खाण्याच्या दोन तास आधी बाहेर काढायला सांगितलेले असते. या चोवीस तासांत भरणातले पाणी हळूहळू कवचाच्या आतल्या भागात मुरते. वरची साय अंड्याच्या कवचाइतकी पातळ आणि कुरकुरीत राहते, तिच्या खालचा भाग मऊ, किंचित चिवट होतो, आणि भरण व कवच यांची सीमा पुसट होते. मिल-फयचा जो शत्रू तोच इथे स्वयंपाकी ठरतो. ताजे म्हणजे चुलीवरून उतरलेले, ही आपल्याकडची पक्की समजूत इथे लंगडी पडते. दुकानदाराने ‘आजच भरलेत’ असे अभिमानाने सांगितले तर जाणकाराने किंचित सावध व्हावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे ठीक, पण मॅकरॉन शेवटी साखरच ना? साखर भरपूर असते यात शंका नाही. प्रचलित प्रमाण पाहिले तर ३०० ग्रॅम बदामपुडीला ३०० ग्रॅम पिठीसाखर आणि पाकासाठी आणखी ३०० ग्रॅम साखर, म्हणजे बदामाच्या दुप्पट. ही साखर निम्मी करून ‘कमी गोड मॅकरॉन’ का करत नाहीत, असे लोक विचारतात. उत्तर पुन्हा पाण्याकडे जाते. साखर इथे गोडीपेक्षा बांधणीसाठी आहे. ती पांढऱ्यातले पाणी बांधून फेस टिकवते, वरची साय धरते, आणि भरणातले पाणी कवचात किती वेगाने यावे यावर लगाम ठेवते. साखर कमी केली की झालर येत नाही, कवच सुरकुतते, दुसऱ्या दिवशी लगदा होतो. म्हणून चांगला कारागीर गोडीला कवचात हात लावत नाही. तिचा तोल भरणात साधतो, आंबट, कडू किंवा खारट चवीने. एर्मे यांचे नाव झाले ते यासाठी. अल्सासमधल्या कोल्मार गावी १९६१ मध्ये बेकरांच्या घराण्यात जन्मलेल्या या माणसाने चौदाव्या वर्षी गास्तों लनोत्र यांच्याकडे उमेदवारी केली, आणि पुढे फोशाँ, लादुरे अशा नामांकित घरांत काम करून १९९८ मध्ये स्वतःचे पहिले दुकान उघडले ते पॅरिसला नव्हे, टोकियोला. गुलाब, लिची आणि रासबेरी एकत्र आणणारा त्यांचा ‘इस्पहान’ हा मोठा मॅकरॉन तर पाण्याच्या दृष्टीने धाडसच आहे: रसाळ ताजी फळे कोरड्या कवचाशेजारी. मध्ये लोण्याचा गुलाबी मलईथर असतो. तो स्निग्ध असल्याने फळातले पाणी कवचापर्यंत उशिरा पोहोचते. रासबेरीचा आंबटपणा कवचाची गोडी कापतो आणि लिचीचा सुगंध गुलाबाशी इतका जुळतो की दोन्ही वेगळे सांगणे कठीण जाते. यातला एकही घटक ‘कमी गोड’ केलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चव म्हणजे अखेर माल, असे बरेच कारागीरही म्हणतील. इझिन्यीचे लोणी, चांगला व्हॅनिला, उत्तम चॉकलेट असेल तर पाण्याचे गणित थोडे चुकले तरी खाणारा खूश, आणि माल हलका असेल तर गणित कितीही अचूक असून काय उपयोग? याचा दुसरा अर्धा भाग मान्य करावाच लागतो. खराब लोण्याला कोणतीही घडी वाचवत नाही. पहिला अर्धा मात्र टिकत नाही. सुगंध नाकापर्यंत पोहोचतो तो घास तोंडात फुटून, लाळेत मिसळून, मागच्या बाजूने वर गेल्यावर. पापुद्रा कुरकुरीत असेल तर त्याचे शंभर तुकडे होतात आणि लोण्याचा खमंगपणा एकदम सुटतो. तोच पापुद्रा सादळला की तो दाताखाली चामड्यासारखा दुमडतो, आणि तेच महागडे लोणी नुसते तुपकट लागते. माल तोच, पाणी वेगळे, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने पदार्थही वेगळा. तापमानाचेही असेच. लोणी आणि कोको बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतात, म्हणजे तोंडाच्या उष्णतेच्या थोडे खालीच. शीतकपाटातून थेट काढलेल्या तुकड्यात ते घट्ट गोठलेले असते आणि सुगंध स्वतःजवळच ठेवते. गोडीसुद्धा थंडीत मंदावते: २००५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की चवपेशींतली टीआरपीएम५ नावाची वाहिनी १५ अंशांकडून ३५ अंशांकडे जाताना झपाट्याने अधिक काम करू लागते. वितळलेले आइस्क्रीम गोडमिट्ट का लागते याचे उत्तर तेच. तेव्हा एखादा केक फिका वाटला तर माल हलका ठरवण्याआधी तो किती थंड होता हे पाहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रंजक वाटतो, कारण तो कपाटातूनच येतो. ऑपेरा केकमध्ये कुरकुरीत असे काहीच नसते. बदामाच्या जोकोंद स्पंजचे पातळ थर कॉफीच्या पाकात भिजवलेले, मध्ये कॉफीचे बटरक्रीम आणि गनाश, वर चॉकलेटचा आरसा. दालोआयो हे घर तो १९५५ मध्ये आपल्याकडे जन्मल्याचे सांगते; लनोत्र यांच्या बाजूनेही त्यावर हक्क सांगितला गेला, आणि तो वाद आता मिटण्यासारखा राहिलेला नाही. बाबा नावाच्या पदार्थाचे तर विचारूच नका. यीस्टचा वाळवलेला पाव रमच्या पाकात बुडवून काढायचा, म्हणजे पाणी आत घालणे हाच कार्यक्रम. पॅरिसच्या रु मोंतोरगेवर १७३० पासून असलेल्या स्तोरेरच्या दुकानाशी त्याचे नाव जोडलेले आहे. राजकन्या मारी लेश्चिन्स्का पंधराव्या लुईशी लग्न करून आली तेव्हा तिच्याबरोबर निकोला स्तोरेर आला, आणि तिच्या वडिलांना कोरडा केक घशाखाली उतरेना म्हणून तो दारूत भिजवला गेला, अशी आख्यायिका आहे. ऑपेरा आणि बाबा यांनी वरचा सिद्धान्त मोडला काय? मला वाटते त्यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. इथे सगळे थर सुरुवातीलाच ओले करून टाकलेले असतात, आणि पाकातल्या साखरेने ते पाणी बांधून ठेवलेले असते. एका थरातून दुसऱ्याकडे पळायला पाण्याला फारसे कारणच उरत नाही. म्हणून ऑपेरा दुसऱ्या दिवशीही उत्तम लागतो, किंबहुना कॉफी सगळीकडे सारखी मुरल्याने थोडा सरसच. त्यातला आनंद कडवटपणाचा आणि एका पातळ कापात पाचसहा मऊपणांच्या छटा ओळखण्याचा आहे. तो पदार्थ घाई करत नाही.

खाणाऱ्याने मग करावे काय? स्वयंपाकघरातले शास्त्र त्याच्या माथी कशाला मारायचे, असेही कुणी म्हणेल. पण हे शास्त्र क्रम ठरवायला फार उपयोगी पडते, आणि क्रमावर बरेच अवलंबून असते. चार-पाच गोष्टी मागवल्या असतील तर ज्याची मुदत सर्वांत कमी ते आधी खावे. मिल-फय पहिले, आडवे पाडून कापावे म्हणजे कस्टर्ड बाहेर येत नाही. साँ-ओनोरे नावाचा पदार्थ असेल तर त्याच्या माथ्यावरच्या कॅरॅमलकडे बघावे: तडकन फुटले तर लगेच खावे, दाताला चिकटू लागले तर हवेतले पाणी आधीच पोहोचले आहे. मग एक्लेअर किंवा पारी-ब्रेस्त. १८९१ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस सायकल शर्यतीच्या सन्मानार्थ चाकाच्या आकारात केलेला हा पदार्थ हेझलनट-बदामाच्या प्रालिनने भरलेला असतो, आणि त्या स्निग्ध भरणामुळे कवचाला कस्टर्डपेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. ऑपेरा शेवटी. मॅकरॉन केव्हाही चालतात, आधीच मुरलेले असल्याने, पण एका वेळी दोन-तीनच. चौथ्यानंतर जीभ साखरेपलीकडे काही कळवत नाही. मॅकरॉनचा अर्धाच घास घ्यावा आणि कापलेली बाजू पाहावी. साय, मऊ भाग आणि भरण यांच्यात रिकामी पोकळी दिसली तर भाजताना गडबड झालेली आहे. तरीही भरण चांगले मुरलेले असेल तर तोंडात ती फारशी जाणवत नाही. पोकळीवरून नाके मुरडणारे समीक्षक जरा जास्तच कडक असतात.

पाण्याचा हा हिशेब पॅरिसपेक्षा मुंबईत अवघड होतो. जुलैमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की मॅकरॉनवर साय धरायला तास लोटतात, कधी धरतच नाही, आणि साखर हवेतले पाणी ओढून घेत राहते. पॅरिसला ल कॉर्दों ब्लूमध्ये शिकून पूजा धिंग्रा यांनी २०१० मध्ये मुंबईत ल फिफ्टीन ही पॅटिसरी सुरू केली, तेव्हा तिथली पाककृती इथल्या हवेत जमवायला महिने गेल्याचे त्यांनी सांगितले आहे. वातानुकूलित खोली, आर्द्रता शोषणारी यंत्रे आणि अधिक भक्कम असे इटालियन मेरांग ही त्यावरची शस्त्रे. समुद्रकाठच्या दमट गावात मेरांग करताच येत नाही असे मात्र नाही. तमिळनाडूतल्या तुतीकोरीनमध्ये काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचे टोकदार मॅकरून पिढ्यान्‌पिढ्या होतात. त्यांना ओले भरण नसते, ते मंद आचेवर पार वाळवतात आणि हवाबंद पुडक्यात ठेवतात. ग्राहकालाही या हवेत एक पथ्य पाळावे लागते. थंड डबा दमट खोलीत लगेच उघडला तर मॅकरॉनवर दव धरते आणि ती पातळ साय दोन मिनिटांत चिकट होते. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग उघडावा.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची आहे: अंडे न खाणारा मोठा ग्राहकवर्ग. अंड्याच्या पांढऱ्याविना मॅकरॉन ही कल्पनाच बरीच वर्षे हास्यास्पद मानली गेली. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल या गायकाने कडधान्ये शिजवल्यावर उरणारे पाणी फेटले की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस धरतो हे दाखवून दिले, आणि काबुली चण्याचे पाणी जगभरच्या अंडेविरहित मेरांगमध्ये गेले. त्यात उतरलेली प्रथिने आणि स्टार्च तेच काम करतात, पाणी आणि हवा धरून ठेवण्याचे. पण त्यांचे प्रमाण अंड्यापेक्षा कमी असते, म्हणून हे पाणी आधी उकळून आटवावे लागते, आणि कवचे जरा कमी आचेवर जास्त वेळ भाजावी लागतात. आटवण्यात कसूर झाली की तळ पत्र्याला चिकटतो आणि आत पोकळी राहते. नीट आटवलेल्या पाण्याच्या मॅकरॉनला मात्र झालर येते, आणि चोवीस तास मुरल्यावर त्यात चण्याचा वास शोधणाऱ्याला सहसा भरणातली कॉफी किंवा चॉकलेटच सापडते.